जात्यावरचा रामलिंग

सिनेमा येण्याआधी माणसं हलती चित्रं कशी बघायची, हे शाळेत दाखवायचं म्हणून उदगीरच्या चित्रकलेच्या दीपमाला बाईंनी पुठ्ठ्याचा गोल डबा केला. बाजूला उभ्या फटी पाडल्या, आतून ओळीनं चित्रं चिकटवली. चित्रांत त्यांचा नवरा रामलिंग खराट्यानं अंगण झाडत होता. प्रत्यक्षात तसं कधी घडलं नव्हतं, म्हणून काढायला जरा अवघड गेलं. डबा गोल फिरावा म्हणून त्यांनी तळाला जात्याच्या तोंडाएवढं भोक पाडून तो घरच्या जात्यावर बसवला.

"रिकामं जातं फिरवू न्हाई माय," म्हणत सासूबाई नागुबाईंनी आधी मूठभर ज्वारी टाकली, मग खुंटा धरला आणि वाकून फटीला डोळा लावला. आत लेक झपाझप झाडू लागला.

दुपार टळली. मूठ-मूठ ज्वारी टाकता टाकता टोपलंभर पीठ झालं, तरी जातं थांबेना.

बाजेवर लोळणारा रामलिंग शेवटी कुरकुरला, "माय, बस कर की आता. हात लई दुखतील."

"गप पड रे," नागुबाई फटीतून नजर न काढता म्हणाल्या. "जन्मात पयल्यांदा झाडायलास. मी थांबले की तू बी थांबतूस."