चौऱ्याहत्तर कुठे आहे?

"शेवटचा प्रयत्न, एक यार्ड उरलंय," ऑर्विल म्हणाले. "धाव की फेक?"

"धाव," मार्लिस म्हणाली.

"शहाणी आहेस. सगळं गावच शहाणं आहे."

शुक्रवारची दुपार होती. टेबलावर राजमा-खिम्याच्या चिलीचे वाडगे, दालचिनीचे रोल आणि ऑर्विलचा पिवळा कागद. उद्याच्या सामन्यातले पहिले पंधरा डाव ते आदल्या दिवशीच लिहून काढत. एके काळी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ चढाईला निघाला की कुठला डाव खेळायचा, हे तेच ठरवायचे. ते काम जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. कागद आता कुणाकडेच जात नसे. तरी शुक्रवार उजाडला की ते पेन्सिलीला टोक करायचे, आणि त्यांची मुलगी मार्लिस लिंकन शहरातून जेवायला यायची.

शेजारचे व्हर्नन मागच्या दाराने आत आले आणि न विचारता एक रोल उचलला. "काय ऑर्विल, उद्या तरी एका यार्डासाठी चेंडू फेकणार नाहीस ना?"

"तुझ्या डोक्यावर फेकीन. एवढं मोठं आहे, नेम चुकायचा नाही."

दोघं म्हातारे हसले. मार्लिस वाडगे विसळायला उठली. व्हर्नन गेल्यावर पाण्याच्या आवाजातून ऑर्विलनी विचारलं, "मार्लिस, कॉलेजच्या बँडमधला तो ट्रंपेट वाजवणारा पोरगा सध्या काय करतो गं? उंच, लाल केसांचा."

"कोण? मला नाही आठवत."

"नाही ना? मग जाऊ दे." त्यांनी पंधरावा डाव लिहिला आणि कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सामन्याला चार तास असताना, अंगणातली पानं गोळा करता करता ते पायरीवर टेकले. ते उठलेच नाहीत.

मार्लिस सोळा वर्षांची होती तेव्हा मैदानाच्या वर, काचेच्या खोलीत, वडिलांच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसायची. प्रत्येक सामन्यात समोरच्या संघातला एकच गडी तिच्या वाट्याला यायचा. तो मैदानात आहे की बाहेर, हे सांगायचं आणि तक्त्यावर लिहायचं. त्या दिवशी तिच्याकडे चौऱ्याहत्तर नंबर होता. तो रेड्यासारखा गडी आत असला की मधून घुसणं अशक्य, बाहेर असला की वाट मोकळी.

हंगामाचा शेवटचा सामना. शेवटचं मिनिट, शेवटचा प्रयत्न, रेषा एका यार्डावर.

"चौऱ्याहत्तर कुठे आहे?" डावांच्या कागदावरून नजर न काढता ऑर्विलनी विचारलं.

"आत," ती म्हणाली.

ऑर्विलनी फोनवरून खाली फेक कळवली. चेंडू थेट समोरच्यांच्या हातात गेला. चौऱ्याहत्तर त्या वेळी बाकावर बूट काढून घोटा चोळत बसला होता.

ऑर्विलनी एकदाच वळून तिच्याकडे पाहिलं. घरी जाताना गाडीत एवढंच विचारलं, "वर थंडी वाजली का गं?"

सोमवारी कॉलेजच्या समितीने त्यांना बोलावलं आणि दुपारपर्यंत काम गेलं होतं. पुढे बावीस वर्षं त्यांनी हायस्कूलच्या मुलांना गाडी चालवायला शिकवलं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल भरताना लोक विचारत, एका यार्डासाठी कुणी फेकतं का? ते म्हणत, "डोक्यात आलं, फेकलं." मार्लिस तिथेच उभी असायची. त्यांनी कधी तिचं नाव घेतलं नाही, आणि तिनेही कधी खरं सांगितलं नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की बाबांना ती साधी चूक वाटली असेल. चिखलाने माखलेला सदरा, उतरलेला उजेड, नीट न दिसलेला आकडा. साधी चूक असती तर तिने त्याच संध्याकाळी सांगितली असती.

दफनानंतरच्या शनिवारी ती त्यांची कपाटं आवरायला बसली. पत्र्याच्या पेटीत प्रत्येक हंगामाचे तक्ते सुतळीने बांधून ठेवले होते. त्या सामन्याचा तक्ता सगळ्यांत वर होता. कोपऱ्यात समितीचा शिक्का आणि सोमवारची तारीख. एकेका ओळीत तिचं सोळा वर्षांचं गोल अक्षर: आत, बाहेर, आत, आत.

शेवटच्या ओळीतलं तिचं अक्षर खोडलेलं होतं. इतकं घासलेलं की कागद पातळ झाला होता. त्यावर ऑर्विलनी शाईने लिहिलं होतं: "बाहेर. मुलीने बरोबर सांगितलं होतं. तरी मी फेक दिली." खाली सही.

चुकीचं ऐकून फसलेल्या माणसाला समितीने कदाचित ठेवलं असतं. वाट मोकळी दिसत असताना चेंडू फेकणाऱ्याला कोण ठेवणार?

तिने कागद टेबलावर ठेवला, जिथे ते पंधरा डाव लिहायचे तिथे. तीन रस्ते पलीकडे मैदानावर बँड सुरू झाला होता. ढोल आधी, मग ट्रंपेट. खुर्चीच्या पाठीवर त्यांची टोपी अजून तशीच अडकवलेली होती.

"आठवतो मला, बाबा," ती त्या खुर्चीला म्हणाली. "टॉरेन नाव त्याचं. ओमाहात दातांचा डॉक्टर आहे. तुम्ही चौऱ्याहत्तर विचारलात ना, तेव्हा माझी दुर्बीण त्याच्यावर होती."