काकांच्या लेन्समधली झळाळी

लेन्स दुरुस्त होऊन आली आणि छोटीचं तोंड उतरलं.

नावालाच छोटी. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, पण घरात तिला मोठी करायला कोणी तयार नव्हतं. दुसऱ्यांच्या हाताखाली कॅमेरा धरून धरून तिचे खांदे भरून आले होते. आता कुठे तिला स्वतःचा सिनेमा मिळत होता. मिळत होता म्हणजे, उद्या सकाळी दिग्दर्शिका चाचणीचं चित्रण बघून पक्कं करणार होती. आणि ती भुलली होती छोटीवर नव्हे, काकांच्या लेन्सवर.

काका जुन्या काळचे कॅमेरामन. ते गेले, त्यांचा कॅमेरा भंगारात गेला, एक लेन्स तेवढी काकूंनी कपाटात जपली होती. छोटीने अडॅप्टरची कडी लावून ती आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली आणि वेडीच झाली. तो कॅमेरा एरवी माणसाची पुटकुळीसुद्धा सोडायचा नाही. ही लेन्स लावली की तोच चेहरा आतून उजळल्यासारखा दिसे. केसांभोवती मऊ उजेड, मागे बल्ब असला तर त्याला चार टोकांची नाजूक चांदणी. दिग्दर्शिकेने सांगून टाकलं, सिनेमा दिसला तर असाच दिसला पाहिजे. छोटी ऐटीत म्हणाली, जुनी काच आहे, वयाने आलेला धूसरपणा आहे, तो बाजारात मिळत नाही.

हे ऐकून काकू चक्क लाजल्या.

"ते म्हणायचेच," त्या म्हणाल्या, "माझ्या चित्रातली झळाळी तुझ्यामुळे आहे."

फक्त फोकसची कडी घट्ट झाली होती. आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालेलं. म्हणून लेन्स गेली टापटीपकडे. लेन्सच्या या कारागिराला सगळे टापटीपच म्हणत. त्याच्या दुकानात शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. आणि त्याचं आणखी एक खूळ होतं. लेन्समधून जे निघेल, धूळ, केस, मेलेली मुंगी, ते तो डबीत घालून गिऱ्हाइकासाठी ठेवायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि डबी तिथेच सोडून जायची.

तर लेन्स आली. कडी लोण्यासारखी फिरत होती. छोटीने काकूंना खिडकीशी बसवून कॅमेरा सुरू केला. पडद्यावर काकूंची सुरकुती न् सुरकुती लख्ख. मागचा बल्ब म्हणजे नुसता बल्ब. चांदणी गायब, उजेड गायब.

"अगं बाई, मी एवढी म्हातारी कधी झाले?" काकू म्हणाल्या.

छोटीने लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली. टापटीपने काच बदलली, दुसरं काय. ती तडक निघाली. तिला एकटीला सोडलं तर ती भांडून येईल, म्हणून काकूही निघाल्या.

दुकानाच्या वाटेवर आत्याचं घर लागायचं. ते आलं तशी काकूंनी सवयीने मान दुसरीकडे वळवली. नणंद-भावजयीचा अबोला छोटीच्या जन्माआधीचा. लग्नानंतर काकांनी लांबच्या शूटिंगहून काकूंसाठी रेशमी मोजे आणले होते, गुडघ्याच्या वर जाणारे, इतके झिरझिरीत की घालायलाही जीव धजेना. एकाची पोटरी पहिल्याच दिवशी उसवली. घरात होता तो निळा दोरा घेऊन काकूंनी ती रफू केली, आणि नेमका तोच मोजा नाहीसा झाला. आत्या तेव्हा राहायला आली होती आणि तिने मोज्यांचं कौतुकही केलं होतं. झालं. आत्याने शपथा घेतल्या, रडली, शेवटी तीही चिडली. एकच मोजा कोण चोरेल, असं कोणी विचारलं तर काकू म्हणत, जळफळाट, दुसरं काय. उरलेला मोजा त्यांनी पुरावा म्हणून ठेवून दिला. काका मात्र त्या भांडणात कधी पडले नाहीत. विषय निघाला की कॅमेरा उचलून बाहेर पडत.

छोटीला दोघी हव्या होत्या. तिच्या पहिल्या सिनेमाला दोघींना शेजारी बसवायचं, असं तिने मनाशी ठरवलेलं. आता सिनेमाचंच खरं नव्हतं.

काच बदलली म्हटल्यावर टापटीप दुखावला. त्याने फळीवरची डबी काढून पुढे केली.

"आत होतं ते सगळं यात आहे. मागच्या काचेवर कोळिष्टक होतं, ते काढलं. माझ्या हातून घाण लेन्स बाहेर जात नाही."

छोटीने चिमट्याने ते कोळिष्टक उचललं. गोल कापलेली, तलम जाळी होती ती. जुने कॅमेरामन लेन्समागे जाळी ताणून चिकटवत, हे तिने ऐकलं होतं. काकांची झळाळी, बल्बची चांदणी, सगळी या जाळीची. तिने ती जराशी ताणली आणि मधोमध टर्रकन फाटली. टापटीपने कान धरले, पण त्याचा आता काय उपयोग? असं तलम विणकाम हल्ली होत नाही, तो हळहळून म्हणाला. छोटीचे डोळे भरून आले.

काकूंनी चष्मा लावला आणि जाळी तळहातावर घेतली. कडेला, जिथे ती धातूच्या कडीखाली दबलेली असणार, तिथे दोन-तीन निळे टाके होते. काकूंनी त्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. छोटी घाबरून जवळ गेली, तर काकू हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "याचा जोडीदार माझ्या कपाटात आहे, अगदी नवा कोरा. पण घरी जाताना आधी तुझ्या आत्याकडे थांबायचं. तिला सांगायचंय, चोर सापडला, आणि जन्मभर मी त्याच्याशीच संसार केला."