पायाखालची पट्टी

पंपाशी जुळवायची मोटार आधी बैठकीवर चारही पायांनी सारखी टेकायला हवी, म्हणून फिटरबाईनं ती साखळीनं उचलली आणि पायांखालच्या पत्र्याच्या जुन्या पट्ट्या काढून पुसायला घेतल्या. ही मोटार बसवली होती तिच्या बाबांनी. तेही इथलेच फिटर. एका पट्टीवरचं वंगण पुसलं, तर कर्कटकानं कोरलेलं तिचं नाव दिसलं: ‘चिमी’. शाळेतल्या कंपासपेटीचं कापलेलं झाकण! ते हरवल्यावर दादावर आळ आला, आईनं त्याला बदडून काढलं आणि बाबा मान खाली घालून जेवत राहिले. तिनं नवी पट्टी सारली, पाय पक्का टेकला, तसा दादाला फोन लावला. “माझं झाकण तू चोरलं नव्हतंस.” “तेच तर घसा फोडून सांगत होतो! मग कुणी चोरलं?” बाबांचं शेवटपर्यंत सगळं दादानंच केलं होतं. पट्टी खिशात घालत ती म्हणाली, “मोटारीनं.”