जाळीवरची पट्टी

फतेगंजातल्या त्या ग्रंथालयाचं तळघर आखणारी वास्तुकार मोहनाच होती. जुन्या पोथ्यांना बाहेरची दमट हवा लागू नये म्हणून दार इतकं घट्ट, की लावलं की कानाला दडे बसत.

आज तपासणी होती. तिनं दार लावून घेतलं आणि हवेच्या जाळीवर नेहमीसारखी पातळ कागदाची पट्टी चिकटवली. पंखा बंद असताना पट्टी हलली, तर कुठेतरी फट आहे असं समजायचं.

पट्टी हलली. आत ओढली गेली, बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. अगदी सावकाश.

"काका, पंखा बंद केलात ना?" तिनं बाहेर उभ्या असलेल्या शिपाई श्रीकृष्णकाकांना ओरडून विचारलं.

"केव्हाच केला, बेन! स्विचपाशीच उभा आहे मी."

नीट बघायला ती जाळीजवळ वाकली आणि श्वास रोखून धरला. पट्टी थांबली.

आपलाच श्वास लागत होता तर! स्वतःशीच हसत ती मागे सरकली, पार दारापर्यंत. तिथे तिनं श्वास सोडला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पट्टी बाहेर आली. तिनं श्वास घेतला. पट्टी आत गेली.

"काका, दार उघडा!"

"ओढतोय, बेन. पण आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय. तुम्ही सोडा ना!"

मोहनाचे दोन्ही हात मोकळे होते. घाबरून तिनं खोल श्वास घेतला.

पट्टी आत गेली, जाळीला चिकटली आणि बाहेर यायचं नाव घेईना.

मोहनाला काकांना हाक मारायची होती. पण छातीत भरलेला श्वास काही केल्या सुटेना.