खिडकीकडची कूस

सकाळचं ऊन आरोग्य केंद्राच्या खिडकीतून सावकाश आत उतरलं. आधी गजांवर, मग वजनकाट्याच्या पत्र्यावर, मग समोरच्या भिंतीवर. आणि तिथे, कुणी दोरी धरून आखावी तशी एक तिरपी रेघ ओढून थांबलं. मिस्त्री त्या रेघेकडे बघत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी भिंती उभ्या केल्या होत्या. एकही ओळंब्याबाहेर गेली नव्हती. गेल्या आठ महिन्यांत त्यांना उन्हाचीही तशीच बारीक ओळख झाली होती.

दोघं आली होती बायकोच्या गुडघ्यासाठी. पण साठीपुढच्या प्रत्येकाला चक्करेबद्दल चार प्रश्न विचारायचे, असा केंद्राचा नवा नियम होता.

"काका, झोपेत कूस बदलताना गरगरतं का?" नर्सने विचारलं.

"छे."

"ते कूस बदलतात कुठे?" बायको म्हणाली. "आठ महिने झाले, खिडकीकडे तोंड नि माझ्याकडे पाठ. विचारलं, तर म्हणे सकाळचं ऊन बघायचं असतं. मी यांची थापी माळ्यावर टाकली, आता पुरे झालं काम म्हटलं, त्याचा राग. दुसरं काय?"

ती हसली. हसू मात्र अर्ध्यावरच विरलं.

नर्सचं पेन थांबलं. "झोपल्यावर खिडकी कुठल्या हाताला येते?"

"डाव्या."

तिने मिस्त्रींना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं. त्या बाजूला बायको उभी होती. क्षणभर काहीच झालं नाही. त्यांना उगाच जिंकल्यासारखं वाटलं. मग उन्हाची रेघ सुटली, भिंत तिच्यामागे धावली. त्यांनी चाचपडत हात पुढे केला. बायकोने तो धरला.

"डोळे मिटू नका," नर्स कुतूहलाने वाकून म्हणाली. "काकू, बुबुळं बघा कशी नाचताहेत. कानाच्या आतले बारीक कण जागचे सुटलेत. मान ठरावीक पद्धतीने फिरवली, की बहुधा ठिकाणावर येतात."

भिंत हळूहळू सरळ झाली. भिंत हलते, हे गवंड्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? बायको अजून त्यांच्याकडेच बघत होती, हात न सोडता.

"रुसलो नव्हतो गं," ते म्हणाले. "तुझ्या बाजूला वळलं की भिंती फिरतात."