वेचणारं गिऱ्हाईक

घड्याळवाला टोमॅटोच्या ढिगापाशी उभा राहिला की भाजीवाल्याच्या कपाळाला आठी पडायची. आज तर चांगल्या तीन पडल्या. कारण सकाळीच त्याची बहीण त्याच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आली होती, आणि ते स्थळ म्हणजे हाच बाबा, समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला. भाजी असो की फळ, एकेक नग उचलायचा, फिरवून बघायचा, खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. अर्ध्या किलोला पाव तास. दोन वर्षं झाली, रोजचंच.

भाजीवाल्याचं दुकान तिसऱ्या पिढीचं. आजोबांनी हातगाडीवर सुरू केलं, वडिलांनी गाळा घेतला, ह्याने भाजीच्या जोडीला फळं आणली. माणसं बदलली, दोन नियम तेवढे बदलले नाहीत. चांगलं गिऱ्हाइकाचं आणि डागी घरचं, हा एक. गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकवायचं नाही, हा दुसरा. डागी मालाचा नासका भाग कापून उरलेलं शिजवायचं, हे काम घरातल्या बाईचं. आधी त्याच्या आईचं, मग बायकोचं, ती गेल्यापासून मुलीचं. मुलगी आता चौतिशीची. तराजू तीच सांभाळायची. तिला आलेली स्थळं बाप खोक्यावर बसल्या बसल्या निकालात काढायचा. माणूस भाजी कशी घेतो ते बघावं, दुसरी चौकशी नको, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर तो सहसा चुकायचाही नाही.

"अहो, जरा इकडे या," त्याने हाक मारली.

घड्याळवाला पिशवी तराजूपाशी ठेवून आला.

"बहीण बोलली माझी. आता स्पष्टच सांगतो, राग मानू नका. मुलगी तुम्हाला द्यायची नाही."

"कारण कळेल का?"

"तुम्ही वेचणारे. आज टोमॅटोत खोट काढता, उद्या तिच्यात काढाल. जन्मभर ती तेच ऐकत बसेल. माझी एकुलती एक आहे ती."

घड्याळवाल्याचे कान लाल झाले. पण हा माणूस पडला मुलखाचा अबोल. 'बरं' म्हणाला आणि पिशवी घ्यायला वळला. घेऊन गेलाही असता, आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. पण मुलीने पिशवी सोडली नाही. तिने ती उचलली आणि बापापुढच्या रिकाम्या ट्रेमध्ये सरळ पालथी केली. तीन पिढ्यांत हे असं कुणी केलं नव्हतं.

एक टोमॅटो चिरलेला होता. दोन मऊ पडलेले. एकाच्या देठाशी काळं धरलं होतं. बापाने सगळे हाताने फिरवून पाहिले. धड असा एकही निघाला नाही.

"हे काय? चांगले सोडून हे घेतलेत?"

"रोज असलंच घेतात," मुलगी म्हणाली. "मीच तोलते ना. बाबा, दोन वर्षांत आपल्या घरात डागी म्हणून काही आलंय का?"

नव्हतं आलं. ते त्याच्या ध्यानातही आलं होतं. आपली खरेदीची नजर आता कुठे पक्की झाली, असं तो चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगतही होता.

"पण का हो?" त्याने विचारलं. आवाज उतरला होता.

घड्याळवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्या टेबलावरून समोरचं दिसतं. दुकान आवरताना ह्या डागी तेवढं निवडून घरी न्यायच्या. चांगलं काय, कुणीही नेईल. म्हटलं, ह्यांच्या वाटणीचं आपण खावं."

बापाने ट्रेमधला एक मऊ टोमॅटो हातात घेतला. तीस वर्षं बायको त्याच्यासमोर बसून काळं कापून टाकायची, त्याला चांगलं वाढायची आणि उरलेलं स्वतः खायची. तिला मऊच आवडतं, असं तो धरून चालला होता. विचारलं मात्र कधी नव्हतं. हजार माणसांची पारख केली, पण समोर जेवायला बसणारीकडे बघायचं राहिलं. त्याला फार वाईट वाटलं.

"आत्याला निरोप दे," तो मुलीला म्हणाला. "म्हणावं, आमच्याकडून होकार आहे."

मग त्याने रिकामी पिशवी घेतली आणि टोमॅटो परत भरू लागला. निम्मे भरले आणि पिशवी घड्याळवाल्याच्या हातात दिली.

"एवढे तुम्ही न्या," तो म्हणाला. "बाकीचे मला ठेवा. हिच्या आईच्या वाटणीचे माझे खायचे राहिलेत."