थेट आघाडीवरून

“खोकला! अहो, त्याचा खोकला ऐकला मी!”

बायकोने त्याला चपला काढायचीही सवड दिली नाही. दंड धरून तिने त्याला आत ओढलं आणि रेडिओसमोर उभं केलं, जणू खोकणारा अजून त्या खोक्यातच बसला होता.

“सकाळी सव्वाआठच्या कार्यक्रमात. आधी बुटांचे आवाज, मग तोफ, आणि मग आपला पोरगा! दोनदा कोरडा, तिसऱ्यांदा शीळ. दोन महिने आघाडीवरून पत्र नाही म्हणून काय काय मनात आणलं होतं मी. जिवंत आहे हो तो!”

सकाळी खडीच्या ट्रेमध्ये बूट आपटताना धूळ उडाली आणि त्याला स्वतःलाच खोकला आला, ही गोष्ट खरी. पण तो ट्रे रेडिओ केंद्राच्या दोन नंबरच्या स्टुडिओत होता, आणि तोफ म्हणजे छताला टांगलेला पत्रा. नाटकांसाठी घोडे, पाऊस, वादळं करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. केंद्रावर त्याला सगळे गडगडेच म्हणत. लढाई सुरू झाली, नाटकं बंद पडली आणि गडगडे आघाडीचे आवाज करू लागला. त्याबद्दल घरीदारी अळीमिळी गुपचिळी. बोललं तर नोकरी जाणार, वर फितुरीचा शिक्का. नवऱ्याला टेपांच्या खोलीत बसवलंय, एवढंच बायकोला ठाऊक होतं.

“अगं, तो खोकला...” त्याने तोंड उघडलं.

“तुमच्यासारखाच! म्हणून तर ओळखला. बापाचं दुसरं काही उचललं नाही मेल्याने, खोकला तेवढा घेतला.”

ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. शेजारणीला, नणंदेला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं होतं. वर्तमानपत्रातलं ‘आजचे रेडिओ कार्यक्रम’ हे सदर कापून तिने रेडिओच्या कडेला चिकटवलं होतं. आठला सुगम संगीत, सव्वाआठला ‘थेट आघाडीवरून’, साडेआठला ‘साबण आणि सौंदर्य’. मधल्या ओळीभोवती पेन्सिलीचा गोल. गाणं आणि साबण यांच्यामध्ये पंधरा मिनिटांची लढाई रोज बरोबर मावत होती. तो जेवायला बसला. तिने आग्रह करकरून वाढलं, आणि त्याला घासन् घास चोरीचा लागला.

दुसऱ्या दिवशी तो ठरवूनच केंद्रावर गेला. हे काम सोडायचं आणि घरी खरं सांगून टाकायचं. मग नोकरी जावो नाहीतर शिक्का बसो.

साहेब स्टुडिओच्या दारातच उभे होते. कार्यक्रमपत्रिकेत जिथे तिथे ‘थेट’ घालायची त्यांना हौस, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना थेटसाहेब म्हणत. लढाई लागल्यापासून हे थेटसाहेब कॅन्टीनच्या पलीकडे कुठे गेले नव्हते.

“गडगडे, काल खोकलात तुम्ही.”

“चुकलं, साहेब.”

“चुकलं कसलं! कालपासून फोनला उसंत नाही. इतक्या आया, आणि प्रत्येकीला वाटतंय, माझाच मुलगा. एक तर मिठाई घेऊन आली.” त्यांनी खोका पुढे केला. तो अर्धा रिकामा झाला होता आणि साहेबांच्या मिशीला साखर लागली होती. “घ्या, तुमचाही वाटा आहे. आजपासून खोकला पक्का. बुटांनंतर एक, तोफेनंतर एक.”

“साहेब, तो खोकला माझा आहे.”

“मग बरंच की! हवा तेव्हा मिळेल.”

“माझी बायको ऐकते. तिला वाटतंय, आमचा मुलगा...”

“घरचं माणूससुद्धा फसलं?” साहेबांचा चेहरा उजळला. “वा! याला म्हणतात कसब.”

त्याला शिसारी आली. तो खोका त्या मिशीवर भिरकावून द्यावा, असं वाटलं. पण तेवढ्यात लाल दिवा लागला आणि पाय सवयीने ट्रेमध्ये पडले. खोकायचं नाही, त्याने मनाशी म्हटलं. काय वाटेल ते होवो, खोकायचं नाही.

मग त्याच्या डोळ्यांपुढे बायको आली. रेडिओला कान लावून बसलेली. आज खोकला आला नाही तर? तिच्यापुरता पोरगा आज याच पंधरा मिनिटांत मरेल, आणि मारणारा बाप असेल. काचेपलीकडून साहेबांनी गळ्याला बोट लावून खूण केली.

तो खोकला. दोनदा कोरडा, तिसऱ्यांदा शीळ. पत्रा हलवून झाल्यावर पुन्हा एकदा. काचेमागे साहेब बोटं चाटत मान डोलावत होते. पण खरी किळस त्याला स्वतःच्या तोंडाची आली. बाहेरच्या नळावर त्याने चुळांवर चुळा भरल्या, तरी ती जाईना.

घरी बायको लोकर घेऊन बसली होती.

“त्याचा खोकला वाढलाय हो. आज दोनदा आला. तिकडे थंडी असणार.” अर्धवट विणलेला मफलर घेऊन ती उठली. “थांबा, माप घेऊ दे. गळा तुमचाच आहे त्याचा.”

तिने मफलर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. लोकरीचं तूस नाकात गेलं, घसा खवखवला आणि खोकला ओठांपर्यंत आला. त्याने दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला, तरी त्याने तोंड उघडलं नाही.

“अडवता कशाला?” ती म्हणाली. “खोकून घ्या की. उद्या सव्वाआठपर्यंत तेवढंच ऐकायला मिळेल.”